लक्षण एक, खाती अनेक : उतारवयातील रोगनिदानाविषयी काही विचार



वार्षिक अहवालात प्रशासकाने जमाखर्च, खाटांची संख्या आणि इमारतीची डागडुजी यांविषयी लिहावे, असा संकेत आहे. त्या बाबी अन्यत्र यथास्थित दिलेल्या आहेत. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यकशास्त्रात त्याचा कोणताही अधिकार नाही. तथापि सवलतीच्या अर्जांसोबत येणाऱ्या रुग्णांच्या फाइली वर्षानुवर्षे हाताखालून जातात आणि त्या वाचताना काही गोष्टी हिशेबनीसाच्या नजरेला खटकतात. त्यांची उत्तरे मी आमच्या डॉक्टरांकडून समजून घेतली. हा मजकूरही त्यांनी तपासून दिला आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या न उलगडणाऱ्या तक्रारींचे निदान कसे होते, ते का लांबते आणि ते लवकर व्हावे म्हणून कुटुंबाला व संस्थेला काय करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

एका फाइलची हकिकत

मोहने परिसरातील एक बासष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ सवलतीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून तपशिलात किंचित फेरफार केला आहे. माळकरी, शुद्ध शाकाहारी, निर्व्यसनी माणूस. मधुमेह अकरा वर्षांचा. दोन वर्षांपासून पायांना मुंग्या येत, पुढे तळवे बधिर झाले. चालताना कापसावर पाऊल पडल्यासारखे वाटे. पायातली चप्पल निसटली तरी चार पावले त्यांना कळत नसे. पत्नीचे म्हणणे वेगळेच होते. "हे अलीकडे बाजाराचा हिशेब विसरतात आणि चिडचिड करतात," असे त्या म्हणत होत्या.

फाइल जाडजूड होती. कमरेचा एमआरआय दोन वेळा, दोन निरनिराळ्या ठिकाणी झालेला. साखरेच्या तपासण्या असंख्य. पायांचा दोष साखरेवर टाकलेला, विसराळूपणाचा दोष वयावर. हिमोग्लोबिन जवळजवळ सामान्य होते, त्यामुळे रक्ताकडे कोणी पुन्हा पाहिले नव्हते. एवढ्या कागदांत एक कागद मात्र नव्हता : हा माणूस कोणकोणती औषधे किती वर्षे घेत आहे, याची एकत्रित यादी.

आमच्या डॉक्टरांनी त्यांना तपासण्यापूर्वी त्यांच्या पत्नीला बसवून घेतले आणि काही साधे प्रश्न विचारले. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की यांचा तोल जातो का? उत्तर आले, "हो, बेसिनला धरूनच उभे राहतात." दूध-दही किती घेतात? "चहापुरते." कोणत्या गोळ्या घेतात? माउलींनी पिशवीच पुढे केली. तीत मधुमेहाची मेटफॉर्मिन, वर्षानुवर्षे घेतलेली ॲसिडिटीची गोळी आणि अशक्तपणासाठी दुकानातून आणलेल्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या होत्या. त्यानंतर रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सांगण्यात आली. ते अत्यंत कमी निघाले. इंजेक्शने सुरू झाली. काही महिन्यांत चालणे सुधारले आणि बाजाराचा हिशेब पुन्हा जुळू लागला. पायांच्या बोटांतील बधिरता मात्र गेली नाही. ती आता जाईल, असे डॉक्टर म्हणत नाहीत.

फाइलमधील पावत्यांची बेरीज करण्याची खोड मला जात नाही. ज्या एका तपासणीने उलगडा झाला, तिची रक्कम त्या बेरजेच्या पन्नासाव्या भागाइतकीही नव्हती. मात्र खरे नुकसान पैशाचे नव्हते. दोन वर्षे गेली, त्यात पायांची जी संवेदना गेली ती परत आली नाही.

वय वाढले की लक्षणे का फसवतात?

तरुण माणसाला न्यूमोनिया झाला तर सणसणून ताप भरतो. सत्तरीच्या माणसाला कित्येकदा ताप येतच नाही. तो एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, जेवण सोडतो किंवा पडतो. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातही असे घडू शकते. हृदयविकाराच्या झटक्यात, विशेषतः मधुमेही व वृद्ध व्यक्तींमध्ये, छातीत न दुखता केवळ दम लागणे, घाम फुटणे किंवा विलक्षण थकवा एवढेच दिसू शकते. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस सुस्त, विसराळू व उदास होतो आणि घरचे म्हणतात, निवृत्ती मानवली नाही. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी काहींच्या रक्तातील सोडियम घटते आणि त्यातून गोंधळलेपणा येतो. न्हाणीघरात डोके किरकोळ आपटल्यानंतर कित्येक आठवड्यांनी मेंदूवरील आवरणाखाली साचलेले रक्त डोकेदुखी, झोपाळूपणा किंवा एका अंगाचा अशक्तपणा दाखवते. तोवर ते पडणे सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते.

दुसरे कारण असे की, तरुणाच्या चार तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते, उतारवयात तसे असेलच असे नाही. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर ती संयुक्त नोंद असते. एका रकमेत मधुमेहाचा वाटा असतो, एका औषधाचा असतो आणि थोडा आहाराचाही असतो. एक कारण सापडले म्हणून वही मिटली, तर उरलेली दोन आतल्या आत वाढत राहतात.

तिसरे कारण आपणा सर्वांच्या तोंडचे आहे : "आता वय झाले." या तीन शब्दांनी जितकी निदाने लांबली असतील, तितकी यंत्रांच्या अभावी लांबली नसतील, असे मला वाटते. वय हे रोगाचे नाव नव्हे. वयामुळे माणूस सावकाश चालतो, पण सहा महिन्यांत चालणे बदलले तर त्याला काही कारण असते आणि ते शोधावे लागते.

पायांच्या मुंग्या : एका रकमेची अनेक खाती

कीर्दीत एखादी रक्कम दिसली, म्हणजे ती कोणत्या खात्याची हे खतावणी केल्याशिवाय कळत नाही. पायांच्या मुंग्या हे लक्षण तसेच आहे. ते मधुमेहाचे असू शकते, बी-१२ च्या अभावाचे असू शकते, दीर्घकाळच्या मद्यपानाचे, थायरॉईडच्या मंदपणाचे किंवा मूत्रपिंडाच्या विकाराचेही असू शकते. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधानेही मुंग्या येतात, म्हणून त्यासोबत बी-६ जीवनसत्त्व दिले जाते. त्वचेवर फिकट, बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाचा विचार करावा लागतो. तो आज पूर्ण बरा होणारा आजार आहे, हे सांगण्यास संकोच नसावा. अशास्त्रीय रीतीने केलेल्या काही भस्मांतील शिशानेही पोटदुखी, पांडुरोग व मज्जातंतूंचा अशक्तपणा येतो.

याखेरीज शहाडच्या रहिवाशांनी ध्यानात ठेवावे असे आणखी एक खाते आहे. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. पूर्वसूरींनी रुग्णाला विचारावयास सांगितलेल्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली : तुझा व्यवसाय कोणता? कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना पहिले स्थानक लागते ते आपले शहाड. शहाड, आंबिवली, मोहने, उल्हासनगर या पट्ट्यात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. रेयॉनच्या व्हिस्कोस पद्धतीत कार्बन डायसल्फाइड हे द्रव्य लागते. दीर्घकाळ व अधिक प्रमाणात त्याचा संपर्क आल्यास हातापायांचे मज्जातंतू आणि मन या दोहोंवर परिणाम होतो, हे पॅरिसचे डॉ. देल्पेश यांनी रबर कामगारांच्या निरीक्षणातून १८५६ सालीच मांडले होते. पुढे युरोप-अमेरिकेतील रेयॉन उद्योगातही ते नोंदले गेले. हे येथील कोणत्याही कारखान्याविषयीचे विधान नव्हे. सांगायचे इतकेच की, रुग्णाने "मी कंपनीत होतो" एवढे म्हणून थांबू नये. कोणत्या खात्यात, कोणत्या द्रव्याजवळ, किती वर्षे, हे सांगावे. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली, माणसे पांगली. कोणी कोठे काम केले, याची नोंद आता बहुतांशी त्यांच्याच स्मरणात आहे. ती डॉक्टरांच्या कागदावर आली पाहिजे.

तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असे नव्हे

आता बी-१२ कडे परत येऊ. आपल्या महाराष्ट्रातील एका अभ्यासाने या विषयावर लख्ख प्रकाश टाकला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांपैकी सुमारे ६७ जणांचे बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात तर हे प्रमाण शंभरांपैकी सुमारे ८१ होते. म्हणजे ही कमतरता केवळ दारिद्र्याची नाही. रक्तातील आकडा कमी असणाऱ्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. पण कारण न कळणाऱ्या तक्रारी असतील, तर हे खाते उघडून पाहिलेच पाहिजे, हा त्यातील बोध.

बी-१२ हे वनस्पतींत मिळत नाही. दूध, दही, अंडी, मासे, मांस हे त्याचे स्रोत आहेत. यकृतात त्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तूट सावकाश दिसते. वयानुसार जठरातील आम्ल घटले, ते कमी करणारी गोळी दीर्घकाळ घेतली किंवा मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल, तर अन्नातील बी-१२ अंगी लागणे कमी होते. याचा अर्थ ही औषधे वाईट आहेत असा मुळीच नाही. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील अत्यंत उपयुक्त औषध आहे आणि कोणीही ते परस्पर बंद करू नये. किती वर्षे घेत आहोत, हे डॉक्टरांना सांगावे आणि बी-१२ तपासावे काय, असे विचारावे.

फॉलिक ॲसिडची हकिकत अधिक बोधप्रद आहे आणि तिचा आरंभ आपल्या मुंबईत झाला. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज संशोधक महिला मुंबईत आल्या. कापड गिरण्यांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांना होणारा एक गंभीर पांडुरोग तेव्हा उलगडत नव्हता. त्यांनी जंतूंचा माग काढून पाहिला, तो लागेना. मग या स्त्रिया खातात काय, हे पाहिले. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पदार्थातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. न उलगडणाऱ्या रोगाचे उत्तर स्वयंपाकघरात सापडल्याचे हे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. १९४० च्या दशकात बी-१२ च्या अभावाने आजारी असलेल्या काही रुग्णांना केवळ फॉलिक ॲसिड देण्यात आले. त्यांचे रक्त सुधारले, परंतु मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहिली. बी-१२ वेगळे काढण्यात यश आले ते १९४८ साली.

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात एक धडा शिकवतात : तेरीज जुळली म्हणजे वह्या निर्दोष आहेत, असे सिद्ध होत नाही. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि बेरीज बरोबर येते. आमच्या त्या रुग्णाचे नेमके असेच झाले होते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन सावरले, रक्ताची तेरीज जुळली आणि मज्जातंतूंच्या खात्यातील तूट दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नाही. "रिपोर्ट नॉर्मल आहे" या वाक्याचा अर्थ इतकाच की, जे तपासले ते ठीक आहे. जे तपासलेच नाही, त्याविषयी तो कागद काहीच सांगत नाही.

ऋतू आणि प्रवासही सांगावा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्याकडे उल्हास नदीने पात्र सोडले. त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर व इतर जनावरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारा हा जंतू भेगाळलेल्या त्वचेतून शरीरात शिरतो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशा खुणांनी आजार सुरू होतो आणि काहींना कावीळ व मूत्रपिंडाचा विकार होतो. लक्षणे बहुधा एक-दोन आठवड्यांनी दिसतात. तोवर आपण गुडघाभर पाण्यातून चाललो होतो, हे माणूस विसरलेला असतो. प्रश्न विचारला तरच ते आठवते.

आप्तजनांनी काय करावे?

१. सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, दुकानातून परस्पर आणलेली आणि "टॉनिक" म्हणून घेतलेलीही, एका पिशवीत घालून सोबत आणावीत. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या तर अवश्य आणाव्यात.

२. तक्रार कधी सुरू झाली, हे सणावारांच्या आधाराने लिहून आणावे. "बरेच दिवस" यापेक्षा "गणपतीपूर्वी जिना चढत होते, दिवाळीत चढवेना" हे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

३. आहार, उपवास, मद्य, तंबाखू, मिश्री यांविषयी खरे सांगावे. तेथे कोणी न्यायनिवाडा करावयास बसलेले नसते.

४. पूर्वीचा व्यवसाय, जुनी शस्त्रक्रिया, घरातील क्षयरोग, अलीकडचे पडणे व वजनातील घट यांची नोंद द्यावी. वजनासाठी जुना पट्टा कोणत्या छिद्राला बसतो, हेही पुरेसे होते.

५. जुने अहवाल तारखेनुसार लावून आणावेत, म्हणजे तीच तपासणी पुन्हा होत नाही.

६. रुग्णासोबत रोज त्याच्याबरोबर राहणारी व्यक्ती यावी. परगावचा मुलगा कर्तव्यदक्ष असतो, पण बेसिनला धरून उभे राहणे त्याने पाहिलेले नसते.

मात्र काही बाबतींत यादी करीत बसू नये. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका अंगाची शक्ती जाणे, छातीत दडपण किंवा अचानक दम लागणे, एकाएकी भ्रम होणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, पायांतील शक्ती जाऊन लघवीवरचा ताबा सुटणे : अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

विश्वस्त व देणगीदारांस निवेदन

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. ते आपले कर्तव्यच आहे. परंतु या फाइली वाचून मला असे वाटते की, गरीब रुग्णाला सवलतीपेक्षाही अगोदर लागते ते योग्य निदान. चुकीच्या दिशेने केलेल्या तपासणीवर पन्नास टक्के सूट दिली, तरी उरलेले पन्नास टक्के त्याचे वायाच जातात.

देणगीतून यंत्र आले की त्यावर नाव कोरता येते. डॉक्टरांच्या वीस मिनिटांवर नाव कोरता येत नाही. तरीही पुढील वर्षासाठी विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा आहे : आठवड्यातून दोन दुपारी पंचेचाळीस वर्षांवरील, निदान न झालेल्या रुग्णांसाठी दीर्घ वेळेची बाह्यरुग्ण सेवा ठेवावी, पूर्ववृत्त लिहून घेण्यासाठी एक समाजसेवक नेमावा आणि बी-१२, थायरॉईड, सोडियम यांसारख्या प्राथमिक तपासण्यांचा खर्च देणगी निधीतून उचलावा. यंत्रे नकोत असे मी म्हणत नाही. यंत्र कोठे रोखावे, हे विचारपूस झाल्यावरच कळते, एवढेच म्हणतो.

ते गृहस्थ अलीकडे पुन्हा भेटले. काठी हातात होती, चाल सावकाश पण स्थिर होती. "साहेब, पायाला वाट कळते आता, खडा मात्र कळत नाही," असे म्हणाले. त्यांचे निदान दोन वर्षे अगोदर झाले असते, तर कदाचित खडाही कळला असता. पुढील रुग्णाच्या बाबतीत ती दोन वर्षे वाचावीत, यासाठी आपले सहकार्य लाभेल, असा विश्वास बाळगतो आणि हा लेख येथेच पुरा करतो.

आपला नम्र,
प्रशासक